अपुऱ्या संसाराचे मोल

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, आमच्या नातीने आम्हांला एक प्रश्न विचारला. दोन वर्षांची ओवाळणी तिने साठवून ठेवली होती. त्या पैशांतून संगणकावर खेळावयाचा एक खेळ घ्यावा की घेऊ नये, असा तो प्रश्न होता. "आजोबा, तो अजून पूर्ण झालेला नाही. पण विकायला ठेवलाय. घेऊ का?" असे तिने विचारले, आणि आम्ही निरुत्तर झालो. पुस्तक घ्यावे की नाही, नाटकाला जावे की नाही, हे सांगण्याची सवय आम्हांला आहे. परंतु जी कृती तिच्या कर्त्यांच्याच कबुलीने अपुरी आहे, तिचे मोल कसे करावयाचे?

आपल्या या निबंध-पत्रिकेत आजवर ग्रंथांची, नाटकांची आणि क्वचित चित्रपटांची चर्चा झाली. संगणकीय खेळ हा विषय येथे यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. पण हा खेळ धावण्याचा वा गोळ्या झाडण्याचा नाही. त्यात घर बांधावयाचे असते, माणसे घडवावयाची असतात, त्यांचे संसार मांडावयाचे असतात. ज्या गोष्टीसाठी आपल्या भाषेत दीडशेहून अधिक वर्षे कादंबरी आणि नाटक झटत आले, तीच गोष्ट हा खेळ आपल्या परीने करू पाहतो. तेव्हा समीक्षेने त्याकडे पाठ फिरवावी असे काही कारण आम्हांस दिसत नाही.

दुसरे कारण घरगुती आहे, आणि ते लपवून ठेवणे योग्य होणार नाही. रामबागेतील आमचा वाडा आठ वर्षांपूर्वी विकला गेला. विक्रीपत्रावर सही आमचीच होती. आज त्या जागी चार मजली इमारत उभी आहे. वाडा गेला तेव्हा नात आठ वर्षांची होती. तिला तो वाडा या खेळात पुन्हा बांधावयाचा आहे, आणि माजघरातील झोपाळ्यावर तिच्या पणजीला, म्हणजे आमच्या मातोश्रींना, बसवावयाचे आहे. घरात सर्वजण त्यांना माई म्हणत. "माईआजी बसलेली दिसली पाहिजे," एवढीच नातीची अट होती. हे ऐकल्यावर केवळ नको म्हणून सांगणे आम्हांला जमले नाही.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे ४ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झालेला 'द सिम्स'. त्याचे कर्ते विल राइट यांनी त्यापूर्वी १९८९ मध्ये 'सिमसिटी' हा नगर वसविण्याचा खेळ रचला होता. १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर मोठा वणवा पेटला आणि त्यात त्यांचे घर जळाले. सर्व काही गेल्यानंतर माणूस कोणती वस्तू आधी आणतो, कोणती नंतर आणि कोणतीची उणीव त्याला भासतच नाही, या विचारातून पुढे तो खेळ आकारास आला. १९८४ साली आपल्या राजवाड्याचा मागचा भाग जळताना ज्यांनी पाहिला, त्यांना हा विचार परका वाटणार नाही. त्या खेळाचे आरंभीचे नाव 'बाहुलीघर' अशा अर्थाचे होते. आपल्याकडे त्याला भातुकली म्हणता येईल. मात्र भातुकलीत बाहुलीला भूक लागत नाही. राइट यांनी आपल्या बाहुल्यांना आठ गरजा दिल्या: भूक, आराम, स्वच्छता, शौच, झोप, करमणूक, सहवास आणि नीटनेटकी खोली. या आठ गरजांच्या रेषा खालीवर होतात आणि त्यांतून दिनक्रम निर्माण होतो. कल्पना साधी होती, पण जगभर कोट्यवधी लोकांनी हा संसार मांडला.

नातीच्या मनात असलेला खेळ या घराण्यातला नवा वंशज आहे. त्याचे नाव 'इन्झोई'. क्राफ्टन या दक्षिण कोरियातील कंपनीने तो काढला आहे. आपल्या घरांतील मुले मोबाइलवर जो 'बीजीएमआय' खेळतात, तो याच कंपनीचा. २८ मार्च २०२५ रोजी 'इन्झोई' विक्रीस आला तो 'अर्ली अ‍ॅक्सेस' या नावाखाली. याचा अर्थ असा की इमारत पुरी होण्याआधीच बिऱ्हाडकरूंना आत घ्यावयाचे, त्यांच्याकडून पैसे घ्यावयाचे आणि गवंडीकाम त्यांच्या देखत चालू ठेवावयाचे. 'स्टीम' या ऑनलाइन दुकानाने मार्च २०१३ पासून ही पद्धत रीतसर सुरू केली. 'इन्झोई'ची किंमत अमेरिकेत ३९.९९ डॉलर ठेवण्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. खेळ पुरा होईपर्यंत येणाऱ्या सर्व सुधारणा आणि जोडभाग विनामूल्य मिळतील, असे अभिवचन कंपनीने दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडोनेशियाच्या धर्तीवरील एका बेटाचा जोडभाग तिने तसा दिलाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अपुरे ते असत्य आणि पूर्ण ते खरे, अशी सरळ वाटणी या व्यवसायात नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये 'द सिम्स'ची चौथी आवृत्ती पूर्ण म्हणून, पूर्ण किमतीस विकली गेली. तिच्यात पोहण्याचे तलाव नव्हते आणि रांगती-चालू लागलेली मुले नव्हती. तान्हे मूल एकदम शाळेत जाण्याच्या वयाचे होई. तलाव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले, पण ती दोन-तीन वर्षांची मुले यावयास जानेवारी २०१७ उजाडला. ज्या घरात बोबडे बोल नाहीत त्याला पूर्ण घर म्हणावयाचे, हे धैर्य विक्रेत्यांचेच. पुढे ऑक्टोबर २०२२ पासून तो मूळ खेळ फुकट झाला आणि पैसे जोडभागांसाठी मोजावयाचे राहिले. या पार्श्वभूमीवर 'इन्झोई'ने आपले अपुरेपण दारावरच लिहून ठेवले, हे प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे.

दुकानाची नियमावलीही वाचण्यासारखी आहे. अपुऱ्या खेळाच्या पानावर दुकान स्वतःच ग्राहकास बजावते की, खेळ आहे त्या अवस्थेत आवडत नसेल तर थांबावे, कारण पुढे तो बदलेलच असे नाही. फेब्रुवारी २०२५ पासून तर एखाद्या अपुऱ्या खेळात वर्षभराहून अधिक काळ काहीच भर पडली नाही, तर तशी सूचना त्या पानावर झळकते. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळ झाला असेल तर पैसे परत मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरतेवेळी हेही सांगितले जाते की, तुम्ही खेळ विकत घेत नसून तो वापरण्याचा परवाना घेत आहात. म्हणजे घराची मालकी नव्हेच. आपण भाडेकरू, आणि तेही बांधकाम चालू असलेल्या घरात.

निर्णय देण्यापूर्वी कृती पाहिली पाहिजे, हा समीक्षेचा पहिला धर्म. आमच्या घरच्या संगणकास हा खेळ पेलत नाही. त्याला वेगळे, बऱ्यापैकी महागाचे ग्राफिक्स कार्ड लागते. या खेळाचा खरा खर्च तेथेच आहे, आणि ओवाळणीच्या हिशेबात नातीने तो धरलेला नव्हता. नात्यातील एका तरुणाकडे विजयनगरात तो खेळ आणि तसा संगणक दोन्ही होते. तेथे आम्ही दोघे तीन रविवार जाऊन बसलो. तो खेळत होता, नात सूचना करीत होती आणि आम्ही चष्मा पुसत पाहत होतो.

प्रथम गुण सांगतो. चेहरे घडविण्याची सोय विलक्षण आहे. नाकाचा शेंडा, पापणीची जाडी, हनुवटीखालची वळी, सर्व काही बोटाने ओढून बदलता येते. माईंचा चेहरा घडविण्यात नातीने पहिला अख्खा रविवार घालविला. पैसे परत मिळण्याची दोन तासांची मुदत केवळ एका नाकात संपून जाते, ही गोष्ट ग्राहकांनी ध्यानात ठेवावी. वस्त्रांचे पोत, काचेवरचे ऊन, पावसानंतर ओला झालेला रस्ता यांचे चित्रण इतके सरस आहे की क्षणभर आपण खेळ पाहत आहोत याचा विसर पडतो. भिंती, जिने, खिडक्या हव्या तशा रचता येतात. वाड्याचा चौक आणि ओसरी यांचा आकार दुसऱ्या रविवारी बराचसा साधला. एखाद्या वस्तूचे छायाचित्र दिले की तिची घन आकृती तयार करून देणारे यंत्रही खेळात आहे. नातीने आमच्या संग्रहातील झोपाळ्याचे जुने छायाचित्र त्याला दिले, आणि पितळी कड्यांचा तो झोपाळा खरोखरच पडद्यावर अवतरला. आमचा कंठ दाटून आला, हे कबूल करतो.

पण माईंना त्यावर बसविता येईना. तो झोपाळा म्हणजे शोभेची वस्तू होती. त्याला आकार होता, गती नव्हती. नातीने परोपरीने प्रयत्न केले. माईंच्या चेहऱ्याची ती बाहुली झोपाळ्याला वळसा घालून पलीकडच्या सोफ्यावर जाऊन बसली आणि मोबाइल पाहू लागली. आम्ही तिघेही हसलो. हसू ओसरल्यावर मात्र वाटले की या कृतीचे सारे यश आणि सारे अपयश त्या एका दृश्यात आले आहे.

खेळातील माणसे दिसतात फार सुंदर. ती जेवतात, नोकरीवर जातात, एकमेकांशी बोलतात, रागावतात. त्यांच्या संभाषणाचे विषय आणि मनातले भाव शब्दांत दाखविले जातात. तरीही दोन माणसांमध्ये काही साचत नाही. काल भांडलेली सून आज त्याच चेहऱ्याने चहा घेते. तिच्या मौनात कालचे भांडण नसते. कादंबरीतील पात्र मागच्या प्रकरणाचे ओझे घेऊन पुढच्या प्रकरणात येते. येथे पात्राला रेषा आहेत, आकडे आहेत, पण ओझे नाही. पुढे सुधारणा होतील, वर्तन अधिक चतुर होईल. पण आज आम्ही जे पाहिले ते वास्तुशांत न झालेले घर होते. रंग ओला, दिवे लखलखीत आणि स्वयंपाकघरात अजून कोणी दूध उतू घातलेले नाही.

एका कल्पनेची मात्र मुद्दाम दखल घ्यावयास हवी, कारण ती आपल्या परिचयाची आहे. या खेळात कर्माचा हिशेब आहे. माणसाच्या बऱ्यावाईट वर्तनाची नोंद होते. मरतेसमयी त्याचे पुण्य उणे पडले तर त्याला भूत होऊन ते फेडावे लागते, आणि नगरात भुतांची संख्या फार वाढली की नवे जन्म थांबतात. या सर्व जगाचा कारभार एका कंपनीकडे आहे. खेळणारा तेथला उमेदवार कारकून, आणि त्याचा वरिष्ठ एक मांजर! चित्रगुप्ताची वही मांजराच्या कचेरीत गेलेली पाहून प्रथम हसू येते. आपल्या कीर्तनांतून ऐकलेले कर्म असे रोजच्या रोज खतावले जात नाही. त्याचे फळ केव्हा, कोणास आणि कोणत्या रूपाने मिळेल हे कळत नाही, म्हणून तर त्या विचाराला खोली आहे. तथापि व्यक्तीच्या दुष्कृत्यांमुळे साऱ्या गावाचे पाळणे रिकामे राहावेत, ही कल्पना लहान नाही. तिचा पुरा विस्तार झाला तर या खेळात शोकांतिकेचे बीज आहे. आज ते बीजच आहे, रोप नाही.

दुसरी उणीव आपल्यासारख्या वस्ती करून राहिलेल्या कुटुंबांना अधिक जाणवेल. या जातीच्या खेळांत माणसे कोणत्याच खऱ्या भाषेत बोलत नाहीत. 'द सिम्स'मधील पात्रे एक बनावट, निरर्थक बोली बोलतात आणि 'इन्झोई'नेही तीच वाट धरली आहे. जगभर विक्री करावयाची तर ही युक्ती सोयीची. पण ज्या घरात भाषा नाही त्या घराला उंबरठा नसतो. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आपल्या घरांत उंबरठ्याच्या आत मराठी आणि ओट्यावर हिंदी वा माळवी, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. माई भाजीवालीशी माळवीत घासाघीस करीत आणि वळून आत सुनेला मराठीत सांगत, "दोन रुपये जास्तच घेतले मेलीने." ती वळण्याची क्रिया म्हणजेच आमचे घर होते. चेहऱ्याचे शेकडो तपशील ज्यात आहेत, त्या खेळात हे वळणे नाही, आणि पूर्ण झाल्यावरही ते येईल असे दिसत नाही. 'द सिम्स'च्या एका घरात तर आठांहून अधिक माणसांना जागाच नाही. आमच्या पंक्तीला आठ पाने म्हणजे कोणीतरी गावाला गेले आहे असे समजत.

याच शहराशी संबंधित एक जुने उदाहरण येथे आठवते. पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा दोन भागांतील अहवाल १९१८ मध्ये सादर केला. नकाशावर पट्टी ठेवून जुन्या वस्तीतून रुंद रस्ते कापण्यास त्यांचा विरोध होता. आधी गल्लीबोळांतून पायी हिंडावे, लोक कसे राहतात ते पाहावे, मग जेथे नितांत गरज असेल तेथेच, कमीत कमी पाडापाडी करून, सुधारणा करावी, असे त्यांचे मत होते. जीवनाचे अनुकरण करू पाहणाऱ्या खेळात आपण नेहमी छपराच्या वरून पाहत असतो. छप्पर उचलावे, भिंत सरकवावी, माणूस उचलून ठेवावा. गल्लीतून हिंडण्याचा अनुभव 'इन्झोई' जुन्या खेळांहून अधिक देतो, कारण त्यातील पात्रामागून रस्त्याने चालत जाता येते. पण त्या रस्त्यावर ओळखीचे कोणी भेटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अपुऱ्या कृतीसाठी आगाऊ पैसे मोजणे ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. यमूचे पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक नसताना तो वर्गणी भरीत होता. त्याहून ठळक उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे. त्यासाठी त्यांनी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, ग्राहक आधी मिळविले. एक माणूस मराठीत विश्वकोश पुरा करील यावर विश्वास ठेवणे त्या काळी सोपे नव्हते आणि चेष्टा करणारेही कमी नव्हते. तरी लोकांनी पैसे दिले आणि ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध झाले. त्या ग्राहकांनी 'आधी पुरा करून दाखवा, मग घेऊ' अशी भूमिका घेतली असती, तर तो ज्ञानकोश कदाचित झालाच नसता.

हा युक्तिवाद खेळांनाही लागू पडतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने 'राजी' नावाचा खेळ रचावयास घेतला. त्यासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचे आवाहन केले, पण ठरविलेली रक्कम जमली नाही. चमूने हार मानली नाही आणि २०२० मध्ये खेळ पुरा करून जगापुढे ठेवला. अशा वेळी आपली दोन-तीन हजारांची वर्गणी म्हणजे खरेदी नसून हातभार असतो. तो जरूर द्यावा, बुडाला तरी द्यावा.

परंतु केतकरांचा ग्राहक आणि आमची नात यांच्यात दोन भेद आहेत. पहिला भेद असा की, ज्ञानकोशाचा जो खंड हाती आला तो आलाच. पुढचा खंड निघाला नसता तरी आधीचा कपाटात राहिला असता आणि त्यातील ज्ञान अपुरे ठरले नसते. अपुऱ्या खेळाचे तसे नाही. त्याची प्रत्येक सुधारणा आधीच्या रूपाला पुसून टाकते, आणि काम थांबले तर हाती उरते ते अर्धवट बांधकाम. दुसरा भेद गरजेचा. क्राफ्टन ही शेअरबाजारात नोंदलेली मोठी कंपनी आहे. तिचा पाया ज्या 'पबजी'वर उभा आहे, तो खेळही मार्च ते डिसेंबर २०१७ या काळात याच अपुऱ्या अवस्थेत विकला गेला आणि मग पूर्णत्वास नेला गेला. म्हणजे पूर्ण करण्याची ऐपत तिच्यापाशी आहे, आणि तशी कीर्तीही आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की, एका मुलीच्या ओवाळणीवाचून तिचे काही अडत नाही. येथे हातभाराचा प्रश्न नाही. ही निखळ खरेदी आहे, आणि खरेदीचाच न्याय तिला लावावा.

भांडवल आणि अनुभव असूनही अशी कामे बुडतात, हेही विसरू नये. पॅरॅडॉक्स या स्वीडिश कंपनीने मार्च २०२३ मध्ये 'लाइफ बाय यू' नावाचा असाच संसाराचा खेळ जाहीर केला. त्याचे प्रमुख रॉड हंबल हे पूर्वी 'द सिम्स'चे काम पाहिलेले गृहस्थ. तारखा वारंवार पुढे गेल्या आणि जून २०२४ मध्ये तो खेळ विक्रीस येण्याआधीच रद्द झाला. त्यासाठी उभारलेली शाखाही बंद करण्यात आली. याउलट कॅनडातील मॉन्ट्रियलच्या एका लहान चमूने 'पॅरालाइव्ह्ज' हा खेळ २०१९ पासून चाहत्यांच्या मासिक वर्गणीवर चालविला आहे. त्याची अपुरी आवृत्ती डिसेंबर २०२५ मध्ये यावयाची होती. आधी खेळून पाहणाऱ्यांनी दोष दाखविले, तेव्हा चमूने ती थांबवून २५ मे २०२६ ही तारीख जाहीर केली. अपुरी वस्तूसुद्धा किती अपुरी असावी याची मर्यादा पाळणारा हा संकोच आम्हांला आवडला. ओवाळणीतून हातभारच लावावयाचा असेल, तर तो अशा चमूस लावलेला बरा.

या सर्व विचारातून आमच्यापुरती एक कसोटी निघाली. अपुरी कृती घेताना आजपासून तिच्यात एका अक्षराची भर पडणार नाही असे धरून चालावे, आणि मग तेवढे पैसे द्यावेसे वाटतात का ते पाहावे. अभिवचनाला मान द्यावा, पण त्याची किंमत आज मोजू नये. हातभार म्हणून द्यावयाचे असेल तर गोष्ट वेगळी. मग ते दान समजावे आणि परताव्याची आशा सोडावी. या दोहोंचा घोटाळा केला की मनस्ताप ठरलेला.

ही कसोटी 'इन्झोई'ला लावली तर उत्तर दुहेरी येते. ज्याला घरे बांधावयाची, चेहरे घडवावयाचे, एका रम्य नगरात भटकावयाचे आहे, आणि ज्याच्यापाशी तसा संगणक आधीपासून आहे, त्याने हा खेळ आज घेण्यास हरकत नाही. त्या अंगाने तो पुष्कळशा पूर्ण खेळांहून सरस आहे, शिवाय पुरा होण्याआधी घेणाऱ्यास जोडभाग फुकट मिळतात, हा लाभही खरा. परंतु ज्याला माणसे हवी आहेत, त्यांच्यातील ताण, ओढ, जुने रुसवे आणि सवयी हव्या आहेत, त्याने थांबावे. थांबण्यात त्याचे नुकसान झालेच तर चार पैशांचे होईल. घाई करण्यात मन विटण्याचा धोका आहे.

हे सर्व आम्ही नातीला समजावून सांगितले. कसोटीचे दोन्ही भाग सांगितले आणि निर्णय तिच्यावर सोपविला. पैसे तिचे होते. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मला घर नकोच होतं आजोबा. घर माईआजीसाठी होतं." तिने खेळ घेतला नाही. ओवाळणी अजून डब्यात आहे.

एक गोष्ट मात्र या निमित्ताने घडली, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. वाडा बांधावयाचा म्हणून नातीने मापे मागितली होती, आणि आमच्या ध्यानात आले की वाड्याचा एकही नकाशा कोणाजवळ नाही. विक्रीच्या वेळी आम्ही क्षेत्रफळ मोजले होते, खोल्या मोजल्या नव्हत्या. मग आलेखाच्या कागदावर आम्ही दोघे बसलो. देवघराचे तोंड कोणीकडे, दिव्याचा कोनाडा जिन्याच्या डाव्या हाताला की उजव्या, मोरीवरचा झरोका केवढा, असे एकेक आठवू लागलो. धाकट्या बंधूंना बोलावले. त्यांनी आमच्या तीन भिंती पुसल्या आणि दोन नव्या काढल्या. माळ्यावर जाणाऱ्या लाकडी जिन्याला पायऱ्या अकरा होत्या असे आम्ही म्हणतो, बंधू नऊ म्हणतात. देवासच्या वहिनींना दूरध्वनी केला तर त्या म्हणाल्या, "पायऱ्या नाही ठाऊक, पण चौथी करकरायची. माई रात्री त्यावरनंच ओळखायच्या कोण आलं ते."

नातीने कागदावर चौथ्या पायरीपाशी एक खूण केली आहे. एकूण पायऱ्यांची जागा तिने तूर्त कोरी ठेवली आहे. आपल्यापैकी ज्यांचे त्या वाड्यात जाणे-येणे होते, त्यांना आठवत असल्यास कळवावे.